चिकोंदीचे काका-काकू

"पाळकसाहेब, तुमचा तो अनाथ चिकोंदी हाच ना?" नगरहून आलेल्या मार्थाबाईंनी कौतुकाने विचारलं.

भिंगारदिवे पाळकांनी मान डोलावली. इथे आफ्रिकेतल्या मलावीत त्यांनी आंब्याखाली धर्मोपदेशक घडवणारी शाळा सुरू केली, पण ती वाढवायला मदत हवी होती. म्हणून नगरच्या चर्चमधल्या मंडळीपुढे बोलताना त्यांनी या विद्यार्थ्याला अनाथ करून टाकलं. लोक हेलावले आणि आज नवी इमारत उभी होती.

तेवढ्यात मक्याचं पोतं घेऊन चिकोंदीचे आईवडील फाटकातून आत आले. पाळकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे कोण?" मार्थाबाईंनी चिकोंदीला इंग्रजीत विचारलं.

त्या भाषणाबद्दल चिकोंदीच्या कानावर आलं होतं. पाळकांकडे एकदा पाहून तो हळूच म्हणाला, "माझे काका-काकू."

एकही शब्द न कळलेली आई लेकाकडे बघत हसत होती. तिला पाहून पाळकांची मान खाली गेली. सत्य सांगायला ज्याला घडवलं, त्याने त्यांची अब्रू राखायला जन्मदात्यांना नाकारलं होतं.

"बाई, हे त्याचे सख्खे आईवडील," ते कसेबसे म्हणाले. "खोटं मी बोललो."

मार्थाबाईंनी उठून त्या माउलीला आपली खुर्ची दिली. पाळकांकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.