चढावरची गाडी

होबार्टच्या लायल प्रिचर्डने जुन्या स्पोर्ट्स कारची हुबेहूब नक्कल स्वतःच्या हातांनी बांधली होती. पण घराजवळच्या चढावर तिचं इंजिन हटकून गचके खात बंद पडायचं. प्लग बदलून झाले, कार्बोरेटर तर कितीदा धुतला.

रविवारी दुपारी त्याने कार्बोरेटर पुन्हा उतरवला. "भंगारातच घालतो तुला!" तो गाडीवर खेकसला.

तेवढ्यात फाटकापाशी त्याची बायको नोरीन ओरडली, "शाब्बास लायल! चढलास की एका दमात!"

सुटा कार्बोरेटर हातात धरून लायल शेडमध्ये, आपल्या गाडीसमोरच उभा होता. बाहेर एक इंजिन न अडखळता घुमत होतं.

"हॉर्न कशाला वाजवतोस? आले, आले!" नोरीन हसली.

लायलने हाक मारायच्या आत नोरीनमागे बाहेरच्या गाडीचं दार लागलं.