तपासणीचा तुकडा

चौऱ्याण्णव साली पेणला दुर्बिणीचे डॉक्टर महिन्यातून एकदाच यायचे. माझ्या नवऱ्याच्या, निसीमच्या आतड्यात त्यांना गाठ दिसली. "साधी की कॅन्सरची, नुसतं बघून सांगता येत नाही," म्हणाले, आणि गाठीचा तुकडा बाटलीत घालून मुंबईला तपासायला न्यायला सांगितलं.

सकाळी बाटली जागेवर नव्हती. सासूबाई दुपारी परतल्या; तुकडा रोह्याच्या आमच्या बेने इस्रायली कबरस्तानात पुरून आल्या होत्या.

"आपल्यात माणसाचं मांस मातीलाच द्यायचं असतं गो."

मी भडकले. "तुमच्या रीतीपायी माझा नवरा जाईल, आई. आता महिनाभर कळणार कसं, त्याला काय झालंय ते?"



"माझ्या थोरल्याचा तुकडा गेलेला मुंबईला. आठ दिवसांनी कागद आला, नि कागदामागोमाग तो गेला," त्या हात धूत म्हणाल्या. "याचा कागद मला नको."