पिंपावरचा फुदिना

जिन्यात लीलाबाच्या चपला वाजल्या तशी भागीरथीने पिंपावर फळी सारली आणि फळीवर पोळपाट मांडून बसली.

बा आत आली. घरमालकीणच ती, दार कशाला वाजवते. थेट खिडकीशी गेली. तिथे पत्र्याच्या ट्रेमध्ये नुसत्या खडीवर फुदिना आणि कोथिंबीर अशी माजली होती की डिंडोलीत कुणाच्या परसात नसेल. बाने चहात टाकायला चार पानं खुडली.

"दगाभाई, खातर काय घालतो रे याला?"

"तांदळाचं धुवण, बा."

बाने नाक वर केलं. "घरात तापीचा वास येतो."

"भिंतीला ओल आहे, बा."

बा हं म्हणाली नि गेली. दगाने बायकोला खुणावत दाराला कडी घातली.

कारण फळीखाली पाच मासे होते, आणि बा कांदा-लसूणसुद्धा न खाणारी. खालच्या बिऱ्हाडाच्या केरात एकदा अंड्याचं टरफल दिसलं, तर संध्याकाळपर्यंत त्यांचं सामान रस्त्यावर. मच्छी बजार वाटेत लागू नये म्हणून बा रिक्षावाल्याला अर्धं सुरत फिरायला लावायची. आणि अशी खोली, नळाची, उजेडाची, लूमखात्यापासून पायी दहा मिनिटांवर, दगाला पुन्हा मिळायची नव्हती. आधी तो आठ जणांत पाळीपाळीने झोपलेला माणूस. भागीरथीला खान्देशातून आणता आलं ते या खोलीपायी.

मासे आणले होते खरं तर खायलाच. बा बारडोलीला लेकीकडे गेली म्हणून दगाने तापीवरून जिवंत आणले. भागीरथी मसाला वाटत होती, तोवर बा दुपारच्या गाडीने परत. मासे गेले पिंपात. तिथे आठवडाभर राहिले आणि मग खायची वेळच निघून गेली. रोज तोंड दाखवणाऱ्याला कोण तळतं? एकाची शेपूट अर्धी तुटलेली. तो बाकीच्यांना ढकलून पुढे यायचा, खात्यातल्या मुकादमासारखा. भागीरथीने त्याचं नावच मुकादम ठेवलं.

पाणी वास मारायला लागलं तेव्हा दगाने डोकं चालवलं. जुन्या कूलरची मोटर पिंपात सोडली. पाणी नळीने वर, ट्रेमधल्या खडीत, तिथून गाळून परत खाली. माशांची घाण फुदिन्याला पोसायची, आणि माशांना पाणी निवळून मिळायचं. कुणी शिकवलं नव्हतं. लूमवर बारा तास उभा राहणाऱ्याला एवढं यंत्र जमतंच.

काय दिवस होते ते. सुट्टीला दोघं पिंपाशी बसून भाकरीचा चुरा टाकायचे, गावच्या गोष्टी काढायचे. मासे मात्र नखरे करायचे. चुरा तसाच तरंगत राहायचा, तरी अंगाने फुगत चाललेले. दगा म्हणायचा, सुरतचं पाणीच तसं.

धाक एकच. दुपारी दगा खात्यात, भागीरथी साड्यांना टिकल्या लावायला गेलेली, की बा आपल्या चावीने खोली उघडून फुदिना न्यायची. बोटं कायम कणकेने माखलेली. भागीरथी हसायची, एकल्या बाईला रोट्या लागतात तरी किती.

मग चौऱ्याण्णवचा प्लेग आला. गणपती बुडवून आठवडा झाला नसेल, अख्खी डिंडोली स्टेशनाकडे पळत सुटली. बाला न्यायला बारडोलीहून लेक आली होती. बा हलली नाही. घर कोण बघेल, म्हणाली. दगाने सवयीने मेन स्विच पाडला, कुलूप घातलं, आणि दोघं मिळेल त्या डब्यात घुसली.

नंदुरबार आल्यावर भागीरथी म्हणाली, "मासास्नं काय व्हई आते?"

दगाला बंद खोली दिसत होती, पिंपात मेलेले मासे, आणि कुलपाला लागलेली बाची चावी.

दिवाळी गावी करून परतले, तेव्हा बा ओट्यावर बसली होती. चेहरा उतरलेला. कसे आहात नाही, काही नाही. वर जा, मग मला बोलायचंय, एवढंच म्हणाली. आज सामान कुणाकडे टाकायचं, हे दगाने जिना चढता चढताच ठरवून टाकलं.

दार उघडलं. वास नव्हता. मोटर घरघरत होती आणि फुदिना खिडकीबाहेर लोंबत होता. दगाने फळी उचलली. पाच मासे. पुन्हा मोजले. पाचच.

"घाईत मेन पाडायचा राहिला बघ," तो म्हणाला. "मुळ्या खाऊन जगले लेकाचे."

त्याने भिंतीला पाठ टेकली. बाला काही कळलं नव्हतं. खोली वाचली.

भागीरथी मात्र पिंपात वाकून बघतच राहिली. पाचही शेपट्या अख्ख्या होत्या.

"मुकादम कोठे शे?"

दारात बा उभी होती. मुठीत कणकेची गोळी.

"तुटक्या शेपटीचा धनतेरसला गेला," ती खाली बघत म्हणाली. "मच्छी बजारात तीन फेऱ्या मारल्या, दगाभाई. तसल्या शेपटीचा काही मिळाला नाही."