ओवलेली कार्डं

ईश्वरनं शेवटच्या कार्डाला भोकं पाडली आणि गठ्ठा टेबलावर ठेवला. बाकीची पोरं अजून डोकं खाजवत बसली होती.

सोलापुरात तेव्हा कॉम्प्युटर नव्हताच; त्याला द्यायचे हुकूम कार्डांना भोकं पाडून लिहायचे. पुण्याचे सर कोरी कार्डं आणि भोकं पाडायचं हातयंत्र तेवढं घेऊन आले होते. ज्याची कार्डं पुण्याच्या मशीनवर बिनचूक चालतील, त्याला तिथं एम.एस्सी.ला जागा. ज्याची अडतील, त्यानं अक्कलकोट रोडवर टॉवेलच्या मागावर उभं राहावं. ईश्वर बी.एस्सी. होऊनही तिथंच उभा होता.

सरांनी गठ्ठा उजेडात धरून पाहिला. एकही भोक चुकलेलं नव्हतं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"सर, सुटी कार्डं वाटेत मिसळतील की," ईश्वर म्हणाला. "ओवून देऊ का? आमच्याकडं चादरीच्या मागावर नक्षीचे भोकं पाडलेले पुठ्ठे असेच ओवून लावत्यात. एक मागंपुढं झालं की नक्षी बिघडती."

कॉम्प्युटर एकेक सुटं कार्ड गिळतो. त्यात एक भोक जास्त पडलं तरी केलं-सवरलं सगळं पाण्यात. सरांना हे ठाऊक होतं. ईश्वरला कुठून असणार? त्यानं कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. एक 'नको' म्हणायला सरांचं काय जात होतं?

"अवश्य," सर म्हणाले. शिपायाकडून दाभण आणि दोरा मागवला. शेजारच्या खोलीतल्या दोन मास्तरांनाही बोलावून घेतलं. आपलं काम दाखवायलाच बोलावलं, असं ईश्वरला वाटलं. तो कार्डाच्या दोन्ही टोकांना दाभण टोचत ओवत गेला.

"घट्ट ओव हं. पुणं लांब आहे."

माळ पुरी झाली. सरांनी ती उचलून ईश्वरच्या गळ्यात घातली. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या, मग पोरांनीही. ईश्वरनं वाकून सरांच्या पायांना हात लावला.

"सर, पण मग पुण्याला काय पाठवायचं?"

"तुझं आता काय पाठवणार? भोसकलीस की सगळी." सर पुढच्या पोराकडे वळले. "तुझी दे रे. सुटीच दे बाबा."

सगळी खोली खदाखदा हसली. ईश्वर जिना कसा उतरला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

फाटकाशी त्याची आई थांबली होती. नागूबाई चादरीच्या कारखान्यात पुठ्ठे ओवायची. त्यालाही तिनंच शिकवलं होतं. पोराच्या गळ्यात हार बघून ती पुढं धावली.

"घेतलं व्हय रं तुला?"

तिनं माळ हातात धरून दोरा ओढून पाहिला.

"लई घट्ट ओवलंय. कुणी ओवलं रं?"

"म्याच."

नागूबाईनं त्याच्या तोंडावरून दोन्ही हात ओवाळले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.