चार ते चार पन्नास

मंगळवारची चारची वेळ तीन आठवडे रिकामी गेली होती. काउंटरवरची ताई दर वेळी विचारायची, "मॅडम, यादीत अकरा जण ताटकळतायत. देऊ का कुणाला?" समुपदेशिका म्हणायची, "पुढच्या आठवड्यापासून देऊ." मग दार लावून पन्नास मिनिटं समोरच्या खुर्चीकडे बघत बसायची आणि पाचच्या पेशंटला हसून आत घ्यायची.

त्या खुर्चीत दीड वर्ष एक चोवीस वर्षांची मुलगी बसायची. शेवटच्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, तिनं जीव दिला.

आज चौथा मंगळवार. बरोबर चारला दार वाजलं. मुलीची आई होती.

"फोन करून यायला हवं होतं," आई म्हणाली. "पण मंगळवारी साडेतीन वाजले की पाय इकडेच वळतात. मागच्या खेपेला खालूनच परत गेले."

"बसा ना, आई."

दवाखान्यात पेशंटच्या आईला सगळे आईच म्हणत. ती त्याच खुर्चीत बसली. दीड वर्ष तिनं बाहेरच्या बाकावर बसून वाट पाहिली होती. ही खोली तिनं कधी आतून पाहिली नव्हती. तिनं खुर्चीच्या हातांवरून तळवे फिरवले. खुर्चीमागच्या भिंतीवर घड्याळ होतं. बोलणाऱ्याला दिसू नये, ऐकणाऱ्याला मान न वळवता दिसावं, अशा उंचीवर.

"इथून घरी पोचलो ना, की पोटभर जेवायची," आई म्हणाली. "मी म्हणायचे, त्या बाई तुला काय देतात गं एवढं? तर म्हणायची, काही नाही, नुसता कान देतात." ती हसली आणि हसता हसता थांबली.

मग ती बोलत राहिली. शाळेतलं बक्षीस, तुटलेलं लग्न, गोळ्यांनी आलेली झोप. समुपदेशिका ऐकत होती. मान हलवत होती. गेले जवळपास चार आठवडे ती रोज सात जणांसमोर अशीच मान हलवत होती आणि घरी गेल्यावर पहिली हाक तिला ऐकूच येत नव्हती.

"त्या बुधवारी सकाळी म्हणाली, आई, तू जा कामाला. मी आज बरी आहे." आईचा आवाज खाली गेला. "आणि मी गेले हो. बस चुकेल म्हणून पळत गेले. दारातनं एकदा वळून तरी—"

आईनं तोंडावर पदर धरला. खांदे हलायला लागले.

समुपदेशिका किंचित पुढे झुकली. दोन्ही हात गुडघ्यांवर जुळवले, आवाज मऊ केला आणि म्हणाली, "आज आपण इथंच थांबू या."

चार पन्नास झाले होते.

आई रडायची थांबली. तिनं डोळे पुसले, पिशवी उचलली आणि सांगितल्याप्रमाणे उठली.

"नाही, आई... तसं नाही. मला तसं नव्हतं म्हणायचं." समुपदेशिका घाईनं म्हणाली.

"असू दे. मला पाठ आहे हे वाक्य," आई म्हणाली. "घरी नक्कल करायची तुमची. मान अशी, हात असे. हुबेहूब." दाराच्या मुठीवर हात ठेवून तिनं विचारलं, "त्या मंगळवारीही म्हणालात?"

"हो."

"मग ती काय म्हणाली?"

समुपदेशिका घड्याळाकडे बघत राहिली. "म्हणाली, येते पुढच्या मंगळवारी. मी वहीत लिहून घेतलं. चार वाजता. तिच्यासमोर लिहून घेतलं मी, आई." शेवटच्या शब्दाला तिला रडू फुटलं.

आई दारातच उभी होती. "हे कुणाला सांगितलंत?"

"पेशंटचं बाहेर बोलायचं नसतं. घरीसुद्धा नाही."

"मग तुम्ही लोक कुणाकडे जाता?"

"शेजारी. मोठ्या डॉक्टरांकडे. दर गुरुवारी जाऊन बसायचं असतं. आपल्याला काय होतंय ते बोलायचं."

"गेलात?"

"पेशंट होते. चार गुरुवार नाही जमलं. या गुरुवारी... नाहीतर पुढच्या."

"पुढच्या," आई म्हणाली. एवढंच.

तिनं पिशवी खाली ठेवली, परत आली आणि समुपदेशिकेचं मनगट धरलं. "उठा."

बाहेर पाचचा पेशंट फाइल घेऊन बाकावरून उठला. काउंटरवरची ताई म्हणाली, "मॅडम, हे पाचचे..." आणि मॅडमचा चेहरा बघून तिनं पेशंटलाच हातानं खाली बसवलं. सात वर्षांत तिनं त्या खोलीतून कितीतरी माणसं रडत बाहेर येताना पाहिली होती. मॅडमला कधी नाही.

आईनं शेजारच्या दारावर थाप मारली. दुसरी मारली.

"कोण आहे?" आतून डॉक्टरांचा आवाज आला. खुर्ची सरकली, दार उघडलं.

आईनं मनगट सोडलं नव्हतं.

"मी हिची आई नाही," ती म्हणाली. "पण हिला आधी बघा."