एक, दोन, तीन

"इथे सही कर, ताई. तुझ्या भल्यासाठीच सांगतोय." स्थानकप्रमुखांनी पेन पुढे केलं. "पार्सल खात्यात जा. तिथे तुझा आवाज कुणाला ऐकू जाणार नाही, म्हणजे त्रासही होणार नाही. विचार कर. मी केबिनमध्येच आहे."

साहेब गेले. बदलीचा अर्ज टेबलावर राहिला.

बस स्थानकात अकरा वर्षं घोषणा करणारी ती. पोरंसोरंसुद्धा तिची नक्कल करायची. पण गेले तीन महिने कुणीतरी खोट्या नावांनी हात धुऊन तिच्या मागे लागलं होतं. उघड्यावाघड्या फोटोंवर तिचा चेहरा चिकटवून फिरवला. तिचा नंबर नको तिथे टाकला. फोन वाजला की घरी आई तो उशीखाली दडवायची. आज सकाळी तर बोललेला निरोपच आला होता, यंत्राने आवाज पार बदकासारखा करून. तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही म्हणे!

"ऐकव बरं, काय बरळतोय मेला," तिकीट खिडकीवरच्या मावशी म्हणाल्या.

मावशींना जरा कमी ऐकू यायचं. तिने फोनचा आवाज पूर्ण वाढवला. सकाळी तिने तो निरोप चोरून, हळू आवाजात ऐकला होता. आता बदकाच्या मागे आणखी काहीतरी ऐकू आलं. आधी खोकला. मग एक बाई म्हणाली, "एक, दोन, तीन... अगंबाई, घसा पार बसलाय!"

तिने परत लावलं. परत ऐकलं. तिचाच आवाज! आजच्याच सकाळचा! घसा आजच तर बसला होता.

"मावशी, पहाटे माईक तपासताना मी सगळे स्पीकर लावत नाही. बाकांवर माणसं झोपलेली असतात, म्हणून एकच लावते."

"बरं, मग?"

"तो एक कुठे आहे?"

मावशींची मान हळूहळू समोरच्या केबिनच्या बंद दाराकडे वळली. "अगं, पण तो तर तुला ताई म्हणतो!"

मागच्या वर्षी साहेबांनी तिला एकटीला बाहेर जेवायला बोलावलं होतं. तिने हसून नाही म्हटलं होतं आणि तो विषय तिथेच संपला असं ती समजली होती.

"मावशी, पोलिसांना फोन लावा. आत्ताच्या आत्ता!"

खुर्ची मागे ढकलून ती घोषणाकक्षात धावली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिला हसू येत होतं. बाराही स्पीकरची बटणं तिने खटाखट दाबली. फोन माईकला लावला. बदक अख्ख्या स्थानकात ओरडलं. बसमध्ये चढणारी माणसं पायरीवरच थबकली.

मग तिने घसा साफ केला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आत्ता ऐकलेल्या निरोपात मागचा आवाज माझा आहे. पुढचा आवाज ज्यांचा आहे, ते केबिनमध्येच आहेत."