लग्नाआधीची चौकशी

पीसीओडी आहे, पाळी वेळेवर येत नाही, हे बकुळनं स्वतःहून सांगितलं आणि सुजयनं दोन वर्षांचं प्रेम एका फोनवर संपवलं. वर त्याच्या आईनं "तिला मूल होणं कठीण आहे" ही बातमी झाशीतल्या साऱ्या मराठी घरांत पोचवली. औषधांनी बकुळची पाळी सहा महिन्यांत सुरळीत झाली, पण तिला आलेलं एकेक स्थळ दारातूनच परत गेलं.

वर्षभरानं तिला रेवाचा फोन आला. रेवाचं सुजयशी लग्न ठरलं होतं.

"ताई, तुम्ही त्यांना ओळखता ना? कैसे हैं? खरं सांगा."

बकुळच्या ओठांवर पुष्कळ काही आलं. वर्षभर तिनं तेच तर मनात घोळवलं होतं. पण ती शांतपणे म्हणाली, "माझं कशाला ऐकतेस? तूच बघ. त्याला एवढंच सांग, की तुला पीसीओडी आहे."

"पण मला तसं काही नाहीये."

"तरी सांग."

आठवड्याभरात कानावर आलं, सुजयनं लग्न मोडलं. बकुळ सदर बाजारातून ऑटोनं घरी निघाली होती, तेवढ्यात रेवाचा पुन्हा फोन आला.

"ताई, काल मी माझा नॉर्मल रिपोर्ट त्याच्या आईला पाठवला."

"मग?" बकुळनं विचारलं.

"आत्ता मायलेक मिठाई घेऊन आमच्या दारात उभे आहेत. तुम्ही लवकर या, नकार तुमच्या तोंडून ऐकवायचाय."